भाड्याची मोकळी सायकल आणि महानगरपालिकेचे नियमन

नागरी वाहतुकीच्या चर्चेत अलीकडे ‘डॉकलेस’ हा शब्द वारंवार येतो. ठरावीक ठाण्यावर परत न नेता प्रवास संपेल तेथे सोडता येणारी, मोबाइलने कुलूप उघडणारी भाड्याची सायकल अथवा स्कूटर, असा त्याचा अर्थ. प्रवाशाची ही सोय पादचाऱ्याची अडचण केव्हा होते आणि ती कोणी निस्तरायची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पुण्याचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल. डिसेंबर २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात झूमकार कंपनीच्या ‘पेडल’ सायकली आल्या. २०१८ मध्ये ओफो, मोबाइक व युलू यांनीही तेथे सेवा सुरू केली. विद्यार्थ्यांना ती स्वस्त पडली. परंतु सायकलींची तोडफोड आणि चोऱ्याही झाल्या. त्याच वर्षी ओफोने भारतातील व्यवसायच गुंडाळला. पुढे पेडल आणि मोबाइकच्या सायकलीही शहरातून गेल्या. गुंतवणूक कंपनीची असल्याने पालिकेच्या तिजोरीवर भार पडत नाही, हे खरे. पण कंपनी गेली की सेवाही जाते, हा त्याच व्यवस्थेचा दुसरा भाग झाला.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न वाहनापेक्षा जागेचा अधिक आहे. सायकल मोटार वाहन कायद्यात बसत नाही. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या व २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या विजेच्या दुचाकीलाही नियमांनुसार नोंदणी व परवाना लागत नाही. म्हणजे परिवहन खात्याचा हात येथे पोहोचत नाही. उरते ती महानगरपालिका. पुणे आणि वडोदरा या दोन्ही शहरांचा पालिका कायदा मुळात एकच, १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. राज्ये वेगळी झाल्यावर नावे बदलली, तरी रस्त्यावर बेकायदा ठेवलेली वस्तू हटविण्याचा आयुक्तांचा अधिकार दोन्हीकडे राहिला. मात्र वस्तू हटविणे म्हणजे सेवेचे नियमन नव्हे. त्यासाठी सायकलींची संख्या, उभ्या करण्याच्या जागा, अनामत रक्कम आणि प्रवासाच्या नोंदी यांविषयीच्या अटी परवान्यातच घालाव्या लागतात.

सिंगापूरने हे केले. तेथे जून २०१८ मध्ये ओबाइक कंपनी बंद पडली आणि ग्राहकांच्या अनामत रकमा अडकल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने परवाना सक्तीचा झाला. २०१९ पासून उभ्या करण्याच्या जागेवरील सांकेतिक चौकोन मोबाइलने टिपल्याशिवाय प्रवास रीतसर संपत नाही; न टिपल्यास दंड बसतो. पॅरिसने २०२० मध्ये तीनच कंपन्या निवडून स्कूटरींची संख्या १५,००० वर आणली, पुढे वेगही बांधला. तरीही एप्रिल २०२३ मधील जनमत चाचणीत सुमारे ८९ टक्के मते विरोधात पडली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटरी बंद झाल्या. मतदान जेमतेम साडेसात टक्के होते, हे वर्गात अवश्य सांगावे. मतदानाला न जाणाऱ्यांसाठीही निर्णय झालाच.

आपल्या समा भागात अशी सेवा आणायची झाल्यास पहिले काम जागा आखण्याचे राहील. पदपथावर आधीच दुचाकी आणि हातगाड्या असतात. तेथेच सायकली उभ्या राहिल्या तर अंध व्यक्तीला आणि वृद्धांना रस्त्यावर उतरावे लागेल. महाविद्यालयांनी फाटकाच्या आत थोडी जागा दिली तर पालिकेला अट घालणे सोपे जाईल. ज्या विद्यार्थिनीकडे स्वतःचा मोबाइल नाही तिला कुलूप कसे उघडता येईल, हे मात्र जागा आखून सुटत नाही. मासिक पासाची तरतूद परवान्यातच मागावी लागेल.