पाकटाचा दात आणि पुण्याचा कातळ

पुण्याची पर्वती, शहरातील पाताळेश्वराचे लेणे, कार्ले-भाजे-बेडसे येथील बौद्ध लेणी या सर्वांचा दगड एकच : दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट. भूगर्भातून आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक थिजून हा कातळ तयार झाला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. तो नेमका केव्हा तयार झाला, हा प्रश्न भूवैज्ञानिकांपुढे दीर्घकाळ होता. त्याच्या उत्तरात एका नामशेष माशाच्या इवल्याशा दातांचाही वाटा आहे.

तप्त लाव्हात जीवांचे अवशेष सहसा टिकत नाहीत. मात्र दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात थिजलेल्या कातळावर पाणी साचे, गाळ बसे. पुढचा लाव्हा त्या गाळावर पसरून त्याला झाकून टाकी. अशा थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यापलीकडे, तेलंगणातील आसिफाबाद येथील अशा थरांत इग्डाबॅटिस नावाच्या पाकटाचे दात मिळाले.

कोकणच्या मासळीबाजारात दिसणारे पाकट आणि मुशी यांचा सांगाडा हाडांचा नसून, आपल्या कानात असते तशा कूर्चेचा असतो. ती मृत्यूनंतर कुजून जाते. दात मात्र कठीण. ते आयुष्यभर गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. म्हणूनच बहुतेक प्राचीन कूर्चामीन दातांवरूनच ओळखले जातात. इग्डाबॅटिसचे दात चपटे, फरशीसारखे एकमेकांस लागून बसणारे होते.

या प्रजातीचे पहिले वर्णन फ्रेंच संशोधक आंरी कापेता यांनी १९७२ मध्ये नायजर देशातील दातांवरून केले. १९९३ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद व कापेता यांनी भारतीय जातीस ‘इग्डाबॅटिस इंडिकस’ हे नाव दिले. हा मासा क्रिटेशस कल्पाच्या अखेरच्या टप्प्यातच, म्हणजे सुमारे ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आढळतो. तेव्हा त्याचे दात असलेला गाळ त्याच काळातला, आणि त्या गाळाखालचा लाव्हा त्याहून जुना. डायनोसॉर पृथ्वीवर असतानाच लाव्हा वाहू लागला होता, हे यातून दिसते. खडकांतील चुंबकीय नोंदी व आर्गॉन वायूवर आधारित कालमापन यांनीही मुख्य उद्रेकाचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचाच दाखवला.

डायनोसॉरचा अंतही त्याच सुमारास झाला. त्यास मेक्सिकोत कोसळलेला अशनी कारणीभूत ठरला, की दख्खनच्या ज्वालामुखींनीही हातभार लावला, हा वाद आजही जगभर चालू आहे. त्या वादातील एक मोठा साक्षीदार म्हणजे आपल्या पायाखालचा हा कातळ, आणि त्या साक्षीदाराचे वय सांगणाऱ्यांपैकी एक, नखावर मावेल एवढा पाकटाचा दात.