किमतीत धरलेला कर कसा काढायचा?

मंडळी, समजा आपण कडेगावात घर बांधायला काढलंय. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचा हिशेब धरू. सिमेंटचं पोतं ३८४ रुपये, त्यात २८ टक्के जीएसटी धरलेला. मग कर किती? आपण पटकन ३८४ चे २८ टक्के काढतो आणि १०७ रुपये ५२ पैसे म्हणतो. इथंच चुकतं. कर मूळ किमतीवर लागतो, ३८४ वर नाही.

मूळ किंमत १०० धरा. २८ मिळवले की १२८. म्हणजे आपण देतो त्या १२८ भागांतले २८ भाग कराचे. ३८४ भागिले १२८, उत्तर ३. तीन गुणिले २८, कर ८४ रुपये. उरले ३००, ती मूळ किंमत.

त्या तारखेपासून सिमेंटवरचा कर १८ टक्के झाला. मग दहा टक्क्यांनी, म्हणजे ३८ रुपये ४० पैशांनी स्वस्त मिळायला हवं का? नाही. ३०० वर १८ टक्के म्हणजे ५४. नवी किंमत ३५४. पोत्यामागे ३० रुपये कमी. दुकानदारानं तीस कमी केले, तर त्याच्याशी भांडण नको. वीसच केले, तर मात्र विचारायचं, मूळ किंमत वाढली का? दोनशे पोत्यांना हा फरक २,००० रुपये होतो.

रीत तीच ठेवायची: १८ टक्क्यांना किंमत ११८ ने भागून १८ ने गुणायची, ५ टक्क्यांना तर नुसतं २१ ने भागलं की कर हातात.