घाटातला दम आणि रबराची नळी

सोयाबीनची मळणी आटोपत आली होती, मळणीयंत्रांतून उडालेला भुसा रस्त्याकडेच्या बाभळींवर पिवळट थर होऊन बसला होता, आणि अशा दिवसांत वाशिमहून मालेगाव-मेडशीमार्गे अकोल्यास निघालेली आमची सात आसनी डिझेल एसयूव्ही पातूरच्या घाटात, पुढचा ट्रक ओलांडण्याच्या ऐन क्षणी, ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबलेला असतानाही दोनतीन सेकंद जणू विचारात पडली. मागे काळ्या धुराचा लोट उठला, मग गाडीने कशीबशी उचल घेतली. पण तोवर समोरून एस.टी. येताना दिसली आणि मला मुकाट्याने ट्रकच्या मागे यावे लागले. मागच्या बाकावरून आईने विचारले, "गाडीले दम लागला काय रे?"

निदान म्हणून हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. जुन्या डिझेल गाडीत पायाखालची तार थेट इंधनपंपाचा दांडा ओढी. आजच्या गाडीत पाय दाबणे म्हणजे केवळ अर्ज गुदरणे होय. तो अर्ज विजेच्या तारेने इंजिनाच्या संगणकाकडे जातो, संगणक हवा किती आली आणि दाब किती झाला याचे दाखले मागवतो, आणि मगच इंधनाचा हुकूम सुटतो. १ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ज्यांनी लहानसहान कामासाठी अकोल्याच्या कचेरीचे उंबरे झिजवले, त्यांना ही कार्यपद्धती निराळी समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही.

यात हवेचा दाखला बहुधा टर्बोमुळे रखडतो. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा इंजिनात कोंबावी, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट केली. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. मात्र इंजिन मंद असताना धूरच थोडा, म्हणून दाबही थोडा, आणि वेग चढेपर्यंतचा किंचित खोळंबा हा टर्बोचा स्वभावच समजावा. चढावर वरच्या गिअरात गाडी रेटणाऱ्याने आधी एक गिअर उतरवून पाहावे. कित्येक तक्रारींचा निकाल तेथेच लागतो.

माझ्या तक्रारीचा लागला नाही. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मात्र पान्याला हात लावण्यापूर्वी माझी रीतसर जबानी घेतली: "धूर काळा मारते का भाऊ? काटा चढते अन् गाडी जाग्यावरच राह्यते, असं होते का?" या दोन प्रश्नांत निम्मा तपास सामावलेला आहे. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा भराभर चढतो पण वेग वाढत नाही, तर दोष इंजिनाचा नसून घसरणाऱ्या क्लचचा. काटाच रेंगाळतो आणि धूरही नाही, तर संशय डिझेल फिल्टरवर व त्यात साचलेल्या पाण्यावर. काटा रेंगाळतो आणि धूर काळा, तर इंधन पोचले आहे, हवा पोचलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी.एस.-६ डिझेल गाड्यांत मात्र काजळी धुराड्यातल्या गाळणीतच अडकत असल्याने हा साक्षीदार सहसा तोंड उघडत नाही; उलट, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची ती गाळणीच तुंबते, आणि मग समृद्धी महामार्गावर सलग वेगाने केलेली एखादी दौड, ज्यात ती काजळी जळून जाते, औषधासारखी लागू पडते.

स्कॅनर लावल्यावर पडद्यावर टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड उमटला. येथेच पुष्कळांची फसगत होते: कोड टर्बोचे नाव घेतो म्हणून टर्बोच बदलला जातो, वस्तुतः कोडने केवळ लक्षण सांगितलेले असते. मिस्त्रींनी हवेचा मार्ग आरंभापासून धरला. फिल्टरच्या घड्यांत भुसा दाटला होता. तो आपटून झाडण्याचा प्रघात त्यांना मुळीच मान्य नव्हता, कारण कागद फाटला की धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. त्यांनी फिल्टर नवा घातला. तरीही फरक पडला तो अल्पसाच.

मग त्यांनी टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या कोपरावर बोट फिरवले. बोट काळे, तेलकट झाले. आत तेलाचा अंश असलेली हवा जेथून निसटते तेथे बाहेरची धूळ चिकटते, एवढेच ते चिन्ह. डोळ्यांना नळी धड दिसत होती. उभ्या गाडीत दाबच नसतो, म्हणून फट मिटलेली राहते, आणि ऐन चढावर हवेचा जोर आला की ओठांसारखी विलगते. नळी काढून, दोन्ही तोंडे बंद करून, त्यांनी आत बेताची हवा सोडली आणि वरून साबणाचे पाणी ओतले. कोपराच्या खालच्या अंगास फेसाची एक बारीक पांढरी रेघ फुगत गेली.

नवी नळी आणि नवी क्लिप बसवून, संगणकातली नोंद पुसून, आम्ही मेडशीच्या पुढे घाटात जाऊन आलो; टर्बोचा स्वाभाविक खोळंबा तेवढा उरला होता, धूर नव्हता. जुनी नळी मी मागून घेतली आहे. वाकवली की तिची फट उघडते, सोडली की मिटते, आणि मिटल्यावर ती नेमकी कोठे होती हे मला अजूनही नखाने चाचपूनच शोधावे लागते.