कळा सुरू झाल्यावर सोबत कोण?

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत लातूर-नांदेडकडे अजून पाळली जाते. प्रसूती मात्र आता बहुतेक दवाखान्यातच होते. लेबर रूमचं दार लागलं की आई बाहेर व्हरांड्यात थांबते आणि लेक आत एकटी कळा सोसते. खरं तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. कितीतरी घरांना ते ठाऊकच नसतं.

सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी. तिने उपचारांत ढवळाढवळ करायची नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे जायचं नाही. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. मोठ्या शहरांत हेच काम शिकून, मोबदला घेऊन करणाऱ्या बाईला डूला म्हणतात. आपल्याकडे ते आई, मावशी, जाऊ करू शकते. मात्र तिने आधी समजून घ्यायला हवं.

काम सातव्या-आठव्या महिन्यातच सुरू होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. सोबतिणीने तेव्हा बरोबर जावं, लेबर रूम पाहून घ्यावी, माता-बाल संरक्षण कार्ड वाचून घ्यावं. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी ते कार्ड फार मोलाचं. नोंदणी गावात आणि बाळंतपण परजिल्ह्यातल्या फडाजवळ, असं झालं तर तिची हकिकत तेवढ्या कागदावरच असते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे.

कळा सुरू झाल्यावर सोबतीण कंबर चोळते, घोट घोट पाणी देते, हाताला धरून फिरवते, कळ ओसरली की अंग सैल सोडायला सांगते. तपासणी आणि इंजेक्शन हे नर्सचं, डॉक्टरांचं काम. तिने त्याला हात लावायचा नाही. रक्त जास्त गेलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच सिस्टरला बोलवायचं. बाळ लवकर यावं म्हणून कुणी वरून पोट दाबू लागलं तर नम्रपणे थांबवून विचारायचं. जागतिक आरोग्य संघटना या पद्धतीची शिफारस करत नाही. अशा अखंड सोबतीवरचे २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त स्त्रियांचे, २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले. सोबत असलेल्या बायांच्या कळांचा काळ थोडा कमी भरला आणि सिझेरियनही कमी झाली.

इथवरची मदत मायेचं कुठलंही माणूस करील. पुढचा भाग हक्काचा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. १९९४ मध्ये शिकागोत जमलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रजनन न्यायाचा विचार मांडला: मूल होऊ देण्याचा, न होऊ देण्याचा आणि झालेलं मूल सुरक्षितपणे वाढवण्याचा हक्क. त्याची कसोटी लागते ती लेबर रूममध्ये. कळांनी बेजार झालेल्या बाईसमोर तांबीचा किंवा नसबंदीचा कागद आला तर सोबतिणीने म्हणावं, ‘हिला आधी समजावून सांगा, ती शुद्धीत ठरवील.’ बाईच्या नसबंदीला नवऱ्याची संमती कायद्याने लागत नाही. दिवस गेलेल्या सज्ञान बाईला गर्भपात हवा असेल तरीही लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सासू, नवरा, सोबतीण, कुणीही तिच्या वतीने ‘हो’ म्हणू नये. मुलगी झाली म्हणून आसपासचे चेहरे उतरले, तर बाळ लगेच आईच्या छातीशी द्यायला सांगावं आणि पहिल्या तासात चीक पाजायला मदत करावी.

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर येत्या ९ तारखेला तिच्याबरोबर दवाखान्यात जा. कळांच्या वेळी तिला सोबत कोण हवं, हे आधी तिला विचारा आणि मग ते नाव सिस्टरला सांगा.