उंबरठ्यावरची पेटी : घरच्या इंटरनेटचा राउटर बदलताना

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातील नव्या सदनिका असोत, नाचणे-कुवारबावकडील बंगले असोत, की जुन्या आळ्यांतील जांभ्या दगडाची कौलारू घरे असोत. फायबरची बारीक केबल आता अनेक घरांत पोहोचली आहे. केबल जेथून आत येते तेथेच सेवा देणारी कंपनी एक लहानशी पेटी बसवून देते. मुलांचा अभ्यास, वीजबिलाचा भरणा, चातुर्मासातील प्रवचनांचे थेट प्रक्षेपण आणि मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांशी रात्री होणारे बोलणे, हे सारे त्या एका पेटीतून चालते. आतल्या खोलीत इंटरनेट पोहोचेनासे झाले की घरात विषय निघतो : ही पेटी काढून बाजारातला चांगला राउटर आणावा का?

आपला राउटर बसवणे शक्य आहे आणि पुष्कळदा ते हिताचेही असते. मात्र त्या पेटीतील कोणते काम आपण स्वतःकडे घ्यायचे आणि कोणते कंपनीकडेच ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता केलेल्या खरेदीत पैसे जातात, आणि एखाद्या वृद्ध जोडप्याचा घरचा दूरध्वनीही मुका होऊन बसतो.

एका पेटीतील दोन यंत्रे

फायबर म्हणजे काचेचा तंतू. काचेतून प्रकाशाच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठवता येतील, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडले आणि २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरी येणाऱ्या तंतूचा प्रत्यक्ष प्रकाश वाहणारा गाभा सुमारे नऊ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पुष्कळ बारीक असतो.

कंपनीच्या पेटीत बहुधा दोन यंत्रे एकत्र असतात. पहिले यंत्र प्रकाशाचे रूपांतर विद्युतसंदेशात करते. त्याला ओएनटी म्हणतात. बोलण्यात लोक त्याला मोडेम म्हणतात. दुसरे यंत्र म्हणजे राउटर. घरातील फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच यांना ते वायफाय देते, त्यांची वाहतूक वाटून देते आणि बाहेरून येणाऱ्या अनाहूताला अडवते. बाजारात जो राउटर मिळतो तो सामान्यतः केवळ हे दुसरे काम करतो. काचेचा तंतू थेट त्यात खुपसता येत नाही.

केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्या विभाजकातून फुटून ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. केंद्राकडून घरांकडे एका तरंगलांबीचा प्रकाश येतो, घरांकडून केंद्राकडे दुसऱ्या तरंगलांबीचा जातो. परतीच्या वाटेवर प्रत्येक घराला आपली पाळी ठरवून दिलेली असते आणि ती सूक्ष्म वेळ पाळूनच प्रत्येक ओएनटी प्रकाश सोडते. त्यासाठी प्रत्येक ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीच्या केंद्रात नोंदवलेला असतो. नोंद नसलेले यंत्र लावले तर सेवा मिळत नाही. सदोष यंत्र पाळी सोडून प्रकाश फेकू लागले, तर त्याच तंतूवरील शेजाऱ्यांचीही सेवा बिघडते. म्हणून ओएनटी हा एकट्या घराचा विषय राहत नाही; राउटर मात्र सर्वस्वी घराचा असतो.

आधी दोष शोधावा

राउटर विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पेटीवर ‘एलओएस’ अशा अक्षरांजवळचा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही. केबल कोठेतरी तुटली, मुडपली किंवा सांध्यात खराब झाली आहे. कितीही महाग राउटर आणला तरी त्यावर उपाय होणार नाही. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती साधारणतः उणे ८ ते उणे २७ डीबीएम यांच्या दरम्यान हवी; उणे २७ च्या जवळ सरकली तर पावसाळ्यात सेवा वारंवार तुटण्याची चिन्हे समजावीत. तंतूचे टोक काढून कधीही डोळ्यासमोर धरू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

दुसरी तपासणी अशी : पेटीला तारेने संगणक जोडून वेग मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळतो आणि आतल्या खोलीत मिळत नाही, तर दोष वायफायचा आहे आणि तेथे आपला राउटर उपयोगी पडेल. तारेवरही वेग कमी असेल तर प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवावी. काही जुन्या पेट्यांचे तारेचे खण १०० एमबीपीएसचेच असतात. २०० एमबीपीएसची योजना घेतलेल्या ग्राहकाला त्या खणातून १०० च्या पुढे जाता येत नाही. अशा वेळी पेटीच बदलून मागणे योग्य.

बदलाच्या तीन वाटा

पहिली वाट सर्वांत सोपी. कंपनीची पेटी आहे तशीच ठेवून तिच्या मागे तारेने आपला राउटर जोडायचा आणि पेटीचे वायफाय बंद करायचे. यात वाहतुकीचे भाषांतर दोनदा होते. साध्या वापरात ते जाणवत नाही. काही खेळांना किंवा बाहेरून थेट पाहायच्या कॅमेऱ्याला मात्र अडचण येऊ शकते. आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीने चालवला तर हा प्रश्न उरत नाही, पण मग घराचा कारभार कंपनीच्या पेटीकडेच राहतो.

दुसरी वाट ‘ब्रिज मोड’ची. येथे कंपनीची पेटी केवळ प्रकाशाचे रूपांतर करते आणि जोडणी उघडण्यापासून वायफायपर्यंतचे सारे काम आपल्या राउटरकडे येते. जोडणीचे नाव व संकेतशब्द आपल्या राउटरमध्ये भरावे लागतात. केंद्रात जुनी जोडणी अद्याप उघडी असेल तर नवी काही मिनिटे नाकारली जाते; तेव्हा घाईने सर्व मांडणी पुन्हा बदलू नये, पेटी बंद करून थोडे थांबावे.

तिसरी वाट म्हणजे ओएनटीसुद्धा स्वतःची आणणे. कंपनीने त्या यंत्राला संमती देऊन त्याचा अनुक्रमांक नोंदवला तरच हे साधते. सामान्य कुटुंबासाठी दुसरी वाट पुरेशी आहे आणि बिघाड झाल्यास जबाबदारीची रेषाही तीत स्पष्ट राहते : तंतू आणि ओएनटी कंपनीचे, पुढचे घराचे.

कंपनीला विचारायचे प्रश्न

दूरध्वनीवरील तोंडी उत्तरावर न थांबता पुढील गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. जोडणी कोणत्या प्रकारची आहे. पीपीपीओई असल्यास वापरकर्त्याचे नाव आणि संकेतशब्द कोणता. व्हीलॅन क्रमांक द्यावा लागतो का. ब्रिज मोड कोण करून देणार. पेटी ग्राहकाच्या मालकीची आहे की कंपनीच्या. तिच्यासाठी अनामत घेतली आहे का. आणि घरचा दूरध्वनी कशावर चालतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फायबरवरील दूरध्वनी बहुधा कंपनीच्या पेटीतूनच चालतो आणि त्याची मांडणी त्या पेटीतच असते. ब्रिज मोड करताना ती टिकेल का, हे विचारल्याशिवाय काहीही बदलू नये. आई-वडील एकटे राहत असलेल्या घरात वर्षानुवर्षांचा तो क्रमांकच नातेवाइकांना आणि डॉक्टरांना पाठ असतो.

जांभ्याच्या भिंती आणि पावसाळा

कोकणातील जुन्या घरांत वायफाय का अडखळते, याचे कारण पुष्कळदा भिंतीत असते. जांभ्याची भिंत जाड आणि सच्छिद्र असते. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत भिंतीत ओल मुरते आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. त्यामुळे उन्हाळ्यात माजघरापर्यंत पोहोचणारे वायफाय श्रावणात ओटीवरच थबकते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीपुढे लवकर थकतात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या संथ असल्या तरी अधिक आत जातात.

म्हणून राउटरच्या किमतीपेक्षा त्याची जागा महत्त्वाची ठरते. केबल पडवीतून येते म्हणून राउटरही पडवीतच हवा असे नाही. ओएनटी तेथेच ठेवून कॅट-६ प्रकारची तार माजघरापर्यंत ओढावी आणि राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर बसवावा. माडी असेल तर तेथे तारेनेच दुसरे वायफाय यंत्र जोडावे. नव्या राउटरला जुन्या वायफायचेच नाव आणि तोच संकेतशब्द दिला, तर घरातील उपकरणे बहुधा आपोआप जोडली जातात आणि वयस्कांना पुन्हा काही भरावे लागत नाही. तो संकेतशब्द पुरेसा अवघड मात्र असावा.

कुलूप आपले, किल्लीही आपली

कंपनीची पेटी दूरवरून हाताळण्याची सोय कंपनीकडे असते. बिघाड दूर करण्यास ती उपयोगी पडते. पण घरातील मांडणीही बाहेरून बदलता येते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत राउटरांवर हल्ला झाला आणि सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडेही बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांना अशाच घातक प्रणालीचा फटका बसला. कारखान्यातून आलेला मूळ संकेतशब्द ज्यांनी बदललाच नव्हता, ती यंत्रे तिच्या तावडीत सापडली आणि तो बदलण्याचे आवाहन ग्राहकांना करावे लागले.

आपला राउटर घेतला म्हणजे ही राखण आपल्याकडे येते. व्यवस्थापनाचा आणि वायफायचा संकेतशब्द वेगवेगळा असावा. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावी. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय आणि बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सुविधा बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी व कॅमेऱ्यांसाठी वेगळे वायफाय नाव द्यावे. निर्माता सुधारित प्रणाली देत राहतो की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे. ज्याच्या सुधारणा थांबल्या आहेत असा स्वस्त राउटर कंपनीच्या पेटीहूनही असुरक्षित ठरतो. घरात हे पाहणारे कोणी नसेल, तर कंपनीचीच पेटी ठेवून संकेतशब्द बदलणे अधिक शहाणपणाचे.

वीज गेली तर

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या दूरध्वनीला वीज केंद्रातील बॅटरीतून मिळत असे. घरातील दिवे गेले तरी फोन चालू राही. काच वीज वाहत नाही. म्हणून फायबरवरील फोन घरची वीज गेली की बंद पडतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात खांब उन्मळून पडले आणि अनेक गावे दिवसच्या दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले.

ओएनटी आणि राउटर वेगळे झाले की वीज दोघांनाही लागते, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही यंत्रांच्या मागे लिहिलेला व्होल्टेज पाहून त्याला साजेसा छोटा बॅटरीसंच घेतला तर काही तास निभावते. केबलच तुटली तर तोही निरुपयोगी. म्हणून भरलेला मोबाइल आणि शक्य तर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड हाताशी असावे. वीज कडाडताना काचेतून धोका येत नसला, तरी अडॅप्टरमधून आणि घरभर फिरवलेल्या तांब्याच्या तारेतून तो येतो. अशा वेळी प्लग काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

हक्काचा प्रश्न

यंत्र कोणाचे, हा वाद जुना आहे. आपल्याकडे एके काळी दूरध्वनीचा काळा संचही खात्याचाच असे. ऐंशीच्या दशकात खासगी कारखान्यांना संच बनवण्याची मुभा मिळाली आणि मग ते दुकानांत दिसू लागले. अमेरिकेत १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने टेलिफोनच्या जाळ्याला बाहेरचे यंत्र जोडण्याचा मार्ग मोकळा केला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून राउटर निवडण्याचा हक्क कायद्याने ग्राहकाला मिळाला आणि कंपन्यांना जोडणीची माहिती देणे बंधनकारक झाले.

रत्नागिरीच्या ग्राहकाने विनंती लेखी करावी, तक्रार क्रमांक घ्यावा आणि उत्तर न मिळाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. काढलेली पेटी कंपनीची असेल तर पोच घेऊन परत करावी; आपली असेल तर अडगळीत किंवा कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडे द्यावी.

काम पूर्ण झाल्यावर एका कागदावर जोडणीचे नाव, ग्राहक क्रमांक, दोन्ही यंत्रांचे संकेतशब्द आणि तक्रारीचा दूरध्वनी मोठ्या अक्षरांत लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा. लाल दिवा लागला तर कंपनीला कळवायचे, वायफाय दिसत नसेल तर मुलाला किंवा सुनेला, हेही त्यावर लिहावे. यंत्र बसवणारा तरुण सुट्टी संपवून मुंबईला परततो. त्यानंतर घरात राहणाऱ्यांना तो कागदच उपयोगी पडतो.