कथेत नसलेली जोडी मनात का जुळते?

दिवा स्थानकातून सकाळची लोकल पकडणे म्हणजे काय, हे दिवेकरांना सांगायला नको. दारात पाय ठेवायला जागा मिळाली तरी मोठी गोष्ट. त्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर जपानी ॲनिमे पाहणारी कॉलेजची मुले-मुली आता नवी राहिलेली नाहीत. ठाणे, मुलुंड मागे पडेपर्यंत एक भाग संपतो आणि मैत्रिणींत वाद सुरू होतो. तोही पुढे काय होणार यावर नव्हे, तर कधीच न होणाऱ्या गोष्टीवर. अमक्याचे तमकीशी जुळायला हवे होते! मग ती दोघे हाडवैरी असोत, नाहीतर साऱ्या मालिकेत एकदाही समोरासमोर आलेली नसोत.

या खेळाला चाहते ‘शिपिंग’ म्हणतात. जहाजांशी त्याचा संबंध नाही. ‘रिलेशनशिप’ या शब्दाचे ते शेपूट. १९९०च्या दशकात ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांत तो शब्द रुळला. खेळ मात्र त्याहून जुना आहे. आपल्याकडच्या मुलांनी तो ‘डोरेमॉन’पासूनच सुरू केलेला असतो. कथेत शिझुकाचे लग्न नोबिताशी ठरलेले, पण वर्गातल्या हुशार डेकिसुगीशीच तिचे जमायला हवे होते, असे ठामपणे सांगणारे घरोघरी सापडतील. ‘नारुतो’ २०१४ मध्ये संपले आणि नायकाचा संसार हिनाताशी झाला. साकुराचा पक्ष घेणाऱ्यांचे त्याने समाधान झालेले नाही.

हे कशामुळे होते? माणसाच्या मेंदूला नाती दिसल्यावाचून राहवत नाही, हे पहिले कारण. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी अमेरिकेत एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली चौकट, एवढेच. पाहणाऱ्या ३४ जणींना काय दिसले ते लिहायला सांगितले. एकीचा अपवाद सोडला तर सगळ्यांनी सजीवांची गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट, लहान त्रिकोण आणि वर्तुळ यांचे एकमेकांवर प्रेम, असेही त्यांत होते. भूमितीच्या आकृत्यांत प्रेमकथा दिसत असेल, तर टपोऱ्या डोळ्यांच्या, चार रेषांत राग-लाज दाखवणाऱ्या ॲनिमेच्या चेहऱ्यांत ती दिसण्यात नवल नाही. असा चेहरा तपशिलात कमी असतो. उरलेले पाहणारा आपल्या मनाने भरतो.

पण मग न शोभणारीच जोडी का? जी जोडी कथेने लावून दिली, तिच्यात चाहत्याला करण्यासारखे काही उरत नाही. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मारिया ओव्हसियान्किना यांनी १९२८ मध्ये दाखवले, की अर्धवट तुटलेले काम, कोणी सांगितले नसतानाही, माणूस पुन्हा हाती घेतो. अधुऱ्या नात्याचेही तसेच होत असावे. शिवाय वैऱ्यांना एकत्र आणायचे तर कारण शोधावे लागते. ती नजर रागाची नव्हतीच, तो वार मुद्दाम चुकवला होता, असे पुरावे जमवावे लागतात. स्वतः खपून केलेल्या वस्तूची किंमत आपण जास्त लावतो, हे मानसशास्त्रातले निरीक्षण इथे चपखल बसते. काही जोड्या तर निव्वळ हसण्यासाठीच लावल्या जातात, हेही विसरू नये. प्रत्येक गमतीमागे खोल कारण असलेच पाहिजे असे नाही.

हे जपानहून आलेले खूळ, असे म्हणणाऱ्यांनी ‘जांभूळ आख्यान’ आठवावे. शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर गाजवलेल्या या लोककथेत पाच पतींची द्रौपदी कर्णावर मन जडवते. भर स्वयंवरात ज्याचा अपमान झाला, त्याच्यावर! व्यासांनी न लावलेली जोडी लोकांनी लावली आणि पिढ्यान्‌पिढ्या गायली.

यात मुलांना मिळते काय? कथा म्हणजे माणसांच्या व्यवहाराची मनातल्या मनात केलेली रंगीत तालीम, अशी मांडणी रेमंड मार आणि कीथ ओटली यांनी २००८ मध्ये केली. शिपिंगमध्ये तर चाहता स्वतः जोडीत नसतोच. तो बाहेर उभा राहून दोन्ही बाजूंनी विचार करतो. नकार मिळत नाही, बदनामी होत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांसोबत राहणाऱ्या, फोनवर दोन वाक्येही एकांतात बोलता न येणाऱ्या मुलीसाठी ही सोय लहान नाही. चाहत्यांच्या जोड्यांत दोन मुलगे किंवा दोन मुली अनेकदा असतात. ज्याला आपल्या आवडीविषयी घरात शब्द काढता येत नाही, त्याला तो शब्द इथे पहिल्यांदा सापडू शकतो. अशा वेळी वही किंवा मोबाइल हिसकावून चेष्टा करणे फार महागात पडते.

काळजीच्या जागाही आहेत. ‘माय हीरो अकॅडेमिया’मध्ये बाकुगो लहानपणी मिदोरियाला छळतो, आणि चाहत्यांत हीच जोडी अतिशय लोकप्रिय आहे. छळणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, हा समज कथेबाहेर आला तर घातक. बहुतेक मुलांना हा फरक कळतो. तरी एकदा मोकळेपणी बोललेले बरे. ‘तुझे काय चालले आहे?’ या प्रश्नाला मूल उत्तर देणार नाही. ‘ही दोघे एकमेकांना का आवडतील?’ याला अर्धा तास देईल, आणि त्यात स्वतःविषयीही बरेच सांगून जाईल.

दुसरी जागा म्हणजे भांडणे. आपल्या जोडीला नावे ठेवणाऱ्याला शिवीगाळ, धमक्या, टोळक्याने छळणे हे प्रकार घडतात आणि सोसणारे मूल घरी सांगत नाही. झोप उडाली, जेवण कमी झाले, मित्र तुटले, अभ्यासावरचे लक्ष गेले आणि हे दोन-तीन आठवडे टिकले, तर जोडी कोणती हा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो दिवसरात्र सुरू असतो.