आठव्या हेन्रीच्या राण्या – लेखांक २ : ॲन बोलिन

ॲन बोलिन राजघराण्यातली नव्हती. वडील टॉमस बोलिन हे दरबारातले मुत्सद्दी, आई हॉवर्ड या बड्या सरदार घराण्यातली. तिच्या जन्माची नोंद सापडत नाही. १५०१ आणि १५०७ अशी दोन वर्षे सांगितली जातात. १५१३ मध्ये वडिलांनी तिला ऑस्ट्रियाच्या मार्गारेटच्या नेदरलँड्समधील दरबारी पाठवले. पुढे ती फ्रान्सची राणी क्लोद हिच्या सेवेत होती. फ्रेंच भाषा, संगीत, नृत्य, पेहराव हे सारे तिने तिथे आत्मसात केले. १५२२ च्या सुमारास मायदेशी परतून ती राणी कॅथरीनच्या परिवारात दाखल झाली.

हेन्रीचे मन तिच्यावर जडले. तिची बहीण मेरी आधी राजाची रखेल होती, आणि अशा नात्याचा शेवट कसा होतो हे ॲनने घरातच पाहिले होते. लग्नाशिवाय संबंध नाही, यावर ती ठाम राहिली. हेन्रीने तिला लिहिलेली सतरा प्रेमपत्रे आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत.

कॅथरीनशी झालेला विवाह पोपने रद्द करावा, ही हेन्रीची मागणी का अडली ते मागील लेखांकात आले आहे. सम्राट पाचवा चार्ल्स हा कॅथरीनचा भाचा, आणि १५२७ मध्ये त्याच्याच फौजेने रोम लुटले होते. पोप सातवा क्लेमेंट त्याला दुखावू शकत नव्हता. अखेर हेन्रीने रोमलाच बाजूला सारले. जानेवारी १५३३ मध्ये त्याने ॲनशी गुप्तपणे लग्न केले. मे महिन्यात आर्चबिशप क्रॅनमरने पहिला विवाह अवैध ठरवला आणि १ जूनला गरोदर ॲनचा राज्याभिषेक झाला. या चर्चफुटीचा सारा दोष लोकांनी तिच्या माथी मारला. ती सुधारणावादी ग्रंथ वाचत असे, त्या मताच्या धर्मगुरूंना आश्रयही देत असे; पण रोमशी संबंध तोडण्याचे निर्णय राजाचे आणि पार्लमेंटचे होते.

७ सप्टेंबर १५३३ रोजी मुलगी झाली, एलिझाबेथ. राजाला मुलगा हवा होता. जानेवारी १५३६ मध्ये कॅथरीन वारली आणि तिच्या दफनाच्याच दिवशी ॲनचा गर्भपात झाला. एव्हाना राजाची नजर जेन सीमोरकडे वळली होती. त्यातच मठांच्या जप्त संपत्तीचे काय करायचे यावरून मंत्री टॉमस क्रॉमवेलशी ॲनचे बिनसले. तो पैसा शिक्षणाकडे आणि धर्मादायाकडे जावा, असे तिचे मत होते.

यापुढचे सगळे तीन आठवड्यांत उरकले. ३० एप्रिलला दरबारी वादक मार्क स्मीटन पकडला गेला, २ मेला खुद्द राणी. आरोप होते पाच पुरुषांशी व्यभिचाराचे, त्यांत तिचा सख्खा भाऊ जॉर्जही, आणि शिवाय राजाच्या मृत्यूचा कट केल्याचे. कबुली एकट्या स्मीटनने दिली. १५ मे रोजी टॉवर ऑफ लंडनमध्ये भरलेल्या न्यायसभेचा प्रमुख होता तिचा मामा, नॉरफोकचा ड्यूक. निवाडा देणाऱ्या सरदारांत हेन्री पर्सीही होता, ज्याच्याशी एकेकाळी तिचे लग्न जमू पाहत होते. आरोपपत्रातल्या अनेक तारखांना राणी त्या ठिकाणी नव्हतीच, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आहे. शिवाय १७ मे रोजी क्रॅनमरने हा विवाहही रद्दबातल ठरवला. विवाहच नव्हता तर व्यभिचार कसला, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

१९ मे १५३६ रोजी टॉवरच्या आवारात तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. त्यासाठी जल्लाद फ्रान्सच्या बाजूने खास बोलावला होता. हे प्रकरण आपणच घडवून आणल्याचे क्रॉमवेलने नंतर सम्राटाचा राजदूत शापुई याला सांगितले. आरोप खोटे होते असेच आज बहुतेक इतिहासकार मानतात, आणि पुरावा पाहता दुसरा निष्कर्ष काढणे अवघड आहे.

३० मे रोजी हेन्रीने जेन सीमोरशी लग्न केले. तिची हकिगत पुढील लेखांकात.